हृदयाभोवतालच्या मेदाची मोजणी

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले की आनेकल तालुक्यात बोम्मसंद्र लागते. कारखान्यांच्या या वस्तीत २००० साली डॉ. देवी शेट्टी यांनी नारायण हृदयालय उभारले. अशा रुग्णालयाच्या दारात बसलेली माणसे सगळीच स्थूल नसतात. कित्येक अगदी सडपातळ असतात. आणि अंगावर मूठभर मांस नसताना हृदयाने दगा का द्यावा, हे कोडे घरच्यांना उलगडत नाही.

वजनाचा काटा येथे फसवा ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद यूडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! मेद किती, याइतकाच तो कोठे साठला आहे, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो.

हृदय एका पातळ आवरणाच्या पिशवीत असते. या पिशवीच्या आत, हृदयाच्या स्नायूला अगदी बिलगून मेदाचा एक थर असतो व हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या त्यातूनच जातात. हा थर निरुपयोगी नाही. तो स्नायूला इंधन पुरवितो, रोहिण्यांना धक्क्यापासून जपतो. मात्र तो प्रमाणाबाहेर वाढला की त्यातून दाह उत्पन्न करणारी द्रव्ये स्रवू लागतात; आणि तो व रोहिणी यांच्यामध्ये कोणताही पडदा नसल्याने ती थेट तिच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकतात.

ध्वनिलहरींच्या तपासणीत या थराची जाडी एखाद्या जागी मोजता येते. पण एक खड्डा खणून साऱ्या शेताची माती कळत नाही. त्यासाठी सी.टी. यंत्र हवे. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले. क्ष-किरण कोणत्या पदार्थात किती अडतात, यावरून ते प्रत्येक बिंदूला अंक देते : पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, मेदाला साधारणपणे उणे १९० ते उणे ३०. धडधडणारे हृदय चित्रात पुसट होऊ नये म्हणून ठोक्यांच्या आलेखाशी मेळ घालून, ते त्यातल्या त्यात स्थिर असतानाचा क्षण निवडतात. मग थराथराच्या चित्रावर आवरणाची रेषा आखतात, आणि तिच्या आतील मेदाचे बिंदू गणकयंत्र मोजते. प्रत्येक बिंदू अर्धा मिलिमीटर बाजूचा घन धरला, तर आठ लाख बिंदूंचे शंभर घन सेंटीमीटर होतात.

शेतमोजणीप्रमाणेच येथेही सारा वाद हद्दीचा असतो. आवरण इतके पातळ की ठिकठिकाणी दिसतच नाही. रेषा जरा बाहेर सरकली की बाहेरचा मेद हिशेबात येतो. शिवाय अमुक आकड्याच्या पुढे धोका, अशी सर्वमान्य मर्यादा अद्याप ठरलेली नाही. म्हणून निव्वळ या मोजणीसाठी निरोगी माणसाने क्ष-किरण अंगावर घेणे शहाणपणाचे नव्हे. अन्य कारणाने छातीदुखीच्या रुग्णाचे हृदयाचे चित्र घेतलेलेच असेल, तर त्याच चित्रातून हा हिशेब निघतो. वजन उतरले, व्यायाम नियमित झाला, की हा थरही कमी होतो.