नाडी दोन्ही हातांची पाहा

मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या पंचविशीतल्या बाईने ‘हात भरून येतो’ म्हटले, तर कुणाला नवल वाटत नाही. बहुतेक वेळा ते श्रमाचेच दुखणे असते. पण काम करताना एकच हात गळून जात असेल, थांबल्यावर बरे वाटत असेल आणि त्या हाताची नाडी क्षीण लागत असेल, तर दोष स्नायूंत नसून धमनीत असू शकतो. तरुण वयात अशा वेळी आठवायचा एक आजार म्हणजे ‘ताकायासू आर्टरायटिस’.

मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे वेगळेच बदल नोंदवले. त्यांच्यावरून हे नाव पडले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांवरच उलटते. भिंतीला सूज येते, ती जाड होते आणि आतला मार्ग अरुंद होतो. काही ठिकाणी भिंतीतील लवचीक थर नष्ट होतो आणि कमकुवत झालेली भिंत रक्ताच्या दाबाने फुगते. त्यामुळे एकाच रुग्णात एक धमनी अरुंद, तर दुसरी फुगलेली दिसू शकते. आजार दुर्मीळ आहे, संसर्गजन्य नाही. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. मूळ कारण अजून उलगडलेले नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारावर मोठे काम केले. १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अनेकदा अरुंद होतात. म्हणून तरुण वयातला उच्च रक्तदाब हीच पहिली खूण ठरू शकते. कधी तो गरोदरपणातल्या तपासणीत प्रथम सापडतो.

इथेच एक चकवा आहे. अरुंद धमनीच्या हातात रक्तदाब खोटाच कमी दिसतो, आणि हृदय व मेंदूवरचा खरा दाब लपून राहतो. म्हणून दोन्ही हातांचा आणि गरजेनुसार पायांचाही रक्तदाब मोजावा. वरच्या आकड्यात वारंवार १० पेक्षा जास्त फरक आला, तर पुढची तपासणी हवी. सोबत बारीक ताप, वजन घटणे, मानेत दुखणे, चक्कर किंवा अंधारी असेल, तर उशीर नको.

डॉप्लर, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने निदान होते. सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे देतात. काहींना अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागते. शक्यतो ती सूज शमल्यावर करतात. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते. मूल हवे असल्यास ते आधी डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधे बदलावी लागतात.