माशांची प्रयोगशाळा आणि माणसांची साथ

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 2020 साली जेमतेम 52 हजारांची वस्ती होती. कोविडच्या पहिल्या लाटेत इथे 187 जणांना लागण झाली, पण एकही जण दगावला नाही. तपासणीचा मोठा भार पेलला तो माशांचे आजार शोधणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेनं. या कहाणीभोवती काही गैरसमज मात्र आहेत.

गैरसमज : दूरची बेटं आपोआप सुरक्षित असतात.
वस्तुस्थिती : 1846 साली गोवराची साथ जहाजातून फॅरोला पोहोचली आणि 7,782 रहिवाशांपैकी सुमारे सहा हजार आजारी पडले. त्याआधी 65 वर्षं गोवर तिथे फिरकला नव्हता. त्यामुळे प्रतिकारशक्ती होती ती फक्त म्हाताऱ्यांकडे.

गैरसमज : माशांच्या प्रयोगशाळेत माणसांची तपासणी म्हणजे निव्वळ जुगाड.
वस्तुस्थिती : नमुना माशाचा की माणसाचा, याच्याशी आरटी-पीसीआर यंत्राला देणंघेणं नसतं. विषाणूचा आरएनए वेगळा काढायचा, त्यावरून डीएनए बनवायचा आणि तापमान वरखाली करत त्याच्या प्रती वाढवायच्या. कोणता विषाणू शोधायचा ते ठरतं प्रायमरवर, म्हणजे त्याच्या जनुकीय क्रमाशी जुळणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर. प्रायमर बदलून चाचणी पडताळून घेतली की तेच यंत्र आणि तेच सरावलेले हात कामी येतात. प्रयोगशाळेचे प्रमुख डेबेस क्रिस्टियान्सन जानेवारी 2020मध्येच तयारीला लागले होते. पुढे दिवसाला सुमारे 600 नमुने बेटांवरच तपासता येऊ लागले.

गैरसमज : या प्रयोगशाळेत शोधला जाणारा सॅमन माशांच्या रोगाचा विषाणू कोरोनाचा भाऊबंद, म्हणून हे जमलं.
वस्तुस्थिती : सॅमनच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू फ्लूच्या कुळातला आहे आणि तो माणसाला बाधत नाही. उपयोगी पडला तो अनुभव. 2000 नंतर या रोगानं तिथल्या मत्स्यशेतीचं कंबरडं मोडलं होतं. तेव्हापासून माशांची नियमित तपासणी अंगवळणी पडली होती.

गैरसमज : चाचण्यांनीच साथ थांबली.
वस्तुस्थिती : चाचणी रुग्ण दाखवते, साथ थांबवत नाही. प्रत्येक रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधून त्यांना विलगीकरणात ठेवलं गेलं. त्याच दिवशी निकाल मिळाला, तरच ही धावपळ वेळेत होते. तरीही पुढच्या लाटा आल्याच, आणि जानेवारी 2021मध्ये कोविडनं तिथला पहिला बळी घेतला.

गैरसमज : हे छोट्या, श्रीमंत देशालाच परवडतं.
वस्तुस्थिती : भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत आणि नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही कोविडचे नमुने तपासले गेले. यंत्रं आणि माणसं आपल्याकडेही आहेत. परवानग्या, सुरक्षेचे नियम आणि रसायनांचा साठा यांची सोय मात्र साथ दारात येण्याआधीच करून ठेवायला हवी.