डोळ्यांच्या पडद्याची झीज आणि ताकदीची गोळी

साठी उलटलेले अनेक रुग्ण मला विचारतात, ‘‘डॉक्टर, नजर टिकावी म्हणून एखादी ताकदीची गोळी लिहून द्या ना!’’ गोळी आहे. पण ती सर्वांसाठी नाही.

डोळ्याच्या आतील पडद्याला प्राणवायू फार लागतो, शिवाय त्यावर जन्मभर प्रकाश पडत असतो. त्यातून पेशींना इजा करणारे घटक तयार होतात. लोखंड गंजावे, तसेच हे! वयोमानाने पडद्याचा मध्यभाग, म्हणजे पीतबिंदू झिजला, की वाचणे, चेहरे ओळखणे अवघड होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. क व ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मात्रेने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्के घटला. मात्र बीटा कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. म्हणून २०१३ च्या अभ्यासानंतर त्याऐवजी ल्युटीन व झिआझँथिन आले.

गेलेली नजर या गोळ्यांनी परत येत नाही. निरोगी डोळ्यांनाही त्यांचा लाभ नाही. तेव्हा तपासणीशिवाय त्या घेऊ नयेत. धूम्रपान सोडावे, पालेभाज्या खाव्यात.

घरच्या घरी एक परीक्षा करा. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा. सरळ गज वाकडे दिसले, तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जा. वेळीच दिलेल्या इंजेक्शनने पुष्कळदा उरलेली नजर वाचते.