कुड्याच्या शोधात दोन दिवस

2025 च्या पावसाळ्यात मुलुंडच्या आमच्या चिकित्सालयात एक सेवानिवृत्त शिक्षक जीर्ण प्रवाहिकेच्या तक्रारीने येऊ लागले. आधुनिक वैद्यकातील तपासण्या आधीच झाल्या होत्या व त्यांत गंभीर असे काही आढळले नव्हते. लक्षणे ग्रंथात वर्णन केल्याप्रमाणे होती. आम्ही कुटजत्वक् व नागरमोथ्याचा काढा, सोबत ताक व लघु आहार अशी योजना केली. हा योग आमच्या हाती वीस वर्षे यश देत आला आहे. या वेळी मात्र सहा आठवडे लोटूनही फरक पडेना. अशा वेळी बहुतेक वैद्य जे करतात तेच आम्ही केले. रुग्णपत्रिकेवर ‘पथ्यपालन संशयास्पद’ असा शेरा मारला आणि गुरुजींना चार शब्द सुनावले. ते काही बोलले नाहीत. दसऱ्यानंतर त्यांचे येणे थांबले.

काढ्याची भरड आमच्याकडे येते ती घाटकोपरला छोटी फार्मसी चालविणाऱ्या आमच्या वर्गमित्राकडून. त्याच्यापाशी विषय काढला तेव्हा तो प्रथम चिडला. “माल नेहमीच्याच घाऊक व्यापाऱ्याचा आहे. साल मी स्वतः पाहून घेतो,” असे तो म्हणाला. “कुड्याचे झाड शेवटचे कधी पाहिलेस?” असे आम्ही विचारताच तो हसला, कारण या प्रश्नाचे उत्तर दोघांचेही एकच होते. द्रव्यगुणाच्या अभ्यासासाठी महाविद्यालयाने काढलेल्या वनस्पती-सहलीनंतर आम्ही दोघांनीही कुडा पाहिला नव्हता. पोत्यातील साल आम्ही ओळखत होतो, झाड नव्हे. डिसेंबरातील एक शनिवार-रविवार मोकळा काढून दोघांनी रानात जायचे ठरले, ते असे.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला रानासाठी दूर जावे लागत नाही. बोरिवली स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या रानाच्या एका अंगाला बोरिवली-मालाड आहे, तर दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुप. विहार (1860) व तुळशी (1879) हे मुंबईला पाणी पुरविणारे दोन जुने तलाव याच रानात आहेत. आमच्या चिकित्सालयाच्या गच्चीवरून हे डोंगर रोज दिसतात; पण मुलुंडहून बोरिवलीला वळसा घालून त्यात शिरायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

सकाळच्या बसने कान्हेरीच्या पायथ्याशी उतरलो. शंभराहून अधिक लेणी असलेला हा डोंगर म्हणजे शिलालेखांतील कृष्णगिरी. लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी, ज्यांना लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, त्यांतील काहींत डिसेंबरातही पाणी होते. शतकानुशतके येथे भिक्षूंची वस्ती होती. इतक्या माणसांच्या आजारपणाला औषध कोठून येत असेल, असा विचार वैद्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. चारही बाजूंचे रानच त्याचे उत्तर असावे.

वरच्या पायऱ्यांवरून उतारावरची झाडे ओळखण्याची आमची जणू परीक्षाच सुरू झाली. पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन, पिळदार फळांची मुरुडशेंग एवढे जमले. कारवीही ओळखता आली. आठ वर्षांनी फुलणारी ही वनस्पती येथे 2008, 2016 व 2024 साली फुलली; फुलून गेलेल्या झुडपांच्या वाळक्या काठ्यांखाली आता नवी रोपे उभी होती. पुढे एका घळीच्या कडेला समोरासमोर पाने आणि लांब जोडशेंगा असलेले लहानसे झाड पाहून मित्र ओरडलाच, “हा बघ कुडा!” आम्हीही तत्काळ मान डोलावली. शेंगांच्या जोडीची टोके खाली एकमेकींना चिकटलेली होती. त्याचे कौतुक वाटून आम्ही जवळून छायाचित्रही घेतले. सालीला हात लावला नाही. राष्ट्रीय उद्यानातून पानही तोडून नेणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे वैद्यांनी तरी विसरू नये. दोघेही समाधानाने परतलो.

दुसऱ्या दिवशी वसईमार्गे तुंगारेश्वर गाठले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील सातिवलीहून महादेवाच्या देवळाकडे जाणारी वाट रानातून चढते. 2003 साली अभयारण्य घोषित झालेला हा सुमारे 85 चौरस किलोमीटरचा पट्टा बोरिवलीचे रान आणि तानसाचे रान यांच्यामधला दुवा आहे. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेला बिबट्या पुष्कळांना आठवत असेल. 2009 साली त्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो सुमारे 120 किलोमीटर चालत वसईची खाडी पोहून बोरिवलीच्या रानात आला. 2011 साली महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा अंत झाला. रान माणसाला तुटक दिसते, जनावर मात्र ते जोडून चालते, असे मित्र म्हणाला. वाटेत एका दगडावर बसून आम्ही दोघांनी तिळगूळ खाल्ला. तो संक्रांतीपूर्वी खाल्ल्याबद्दल घरी बोलणी बसली, ते असो.

उतरताना पायथ्याच्या पाड्याजवळ, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एक वृद्ध आदिवासी बाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. मित्राने सहज आदल्या दिवशीचे छायाचित्र त्यांना दाखविले. “आजी, हा कुडाच ना?” त्यांनी पाहिले आणि हसल्या. “कुडाच, पण काळा. पोटाला हा नाय देत, बाबा. पोटाला पांढरा.”

त्या आम्हाला आपल्या शेताच्या बांधावर घेऊन गेल्या. तेथे दोन्ही झाडे वीस पावलांच्या अंतराने उभी होती. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनेच लोंबतात, पण त्यांची टोके मोकळी असतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके जुळलेली असतात. पांढऱ्याची पाने मोठी व रुंद, काळ्याची त्यामानाने अरुंद. तोडल्यावर चीक दोघांनाही येतो, त्यामुळे तेवढ्यावरून फसगत होते. पांढऱ्याच्या फुलांची भाजी त्या स्वतः करतात, असेही आजींनी सांगितले.

त्यांच्या परवानगीने आम्ही दोन्ही झाडांच्या सालीचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. पांढऱ्याचा कडूपणा घशात उतरला तो महामार्गावर चहा घेईपर्यंत गेला नाही. काळ्याची साल बरीच फिकी, कडूपणा नावापुरता. त्यानंतर मित्राने पिशवीतून एक पुडी काढली. तुलनेसाठी म्हणून त्याने फार्मसीतील भरड सोबत आणली होती. त्याने चिमूटभर तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि पुडी आमच्यापुढे केली. ती फिकी होती. परतीच्या गाडीत वसईपासून दादरपर्यंत आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

घरी आल्यावर ग्रंथ काढून बसलो. वनस्पतींचे नाव व रूप रानात शेळ्या-मेंढ्या व गायी राखणाऱ्यांना ठाऊक असते, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात. केवळ एवढ्यावर औषधाचा प्रयोग कळत नाही, हेही ते लगेच जोडतात. गोपाळांपाशी असलेले ते निम्मे ज्ञान आमच्यापाशी उरलेले नाही, याची त्या रात्री लाज वाटली. कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन भेदही चरकांनी दिले आहेत. मोठी फळे, पांढरी फुले व स्निग्ध पाने तो पुरुष. श्याम-अरुण फुलांची, लहान फळांची ती स्त्री. पुष्कळ अभ्यासक दुसऱ्या भेदाशी काळ्या कुड्याचा संबंध जोडतात. तेव्हा व्यापारी ‘हाही कुटजच’ असे म्हणाला, तर त्याला ग्रंथाधार अगदीच नाही असे नाही. पण तो संदर्भ वमनकल्पाचा आहे. अतिसार-प्रवाहिकेतील व्यवहारात आणि भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातही कुटज म्हणजे पांढरा कुडाच, होलॅऱ्हिना. काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, हे निरुपयोगी झाड नव्हे. त्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवून केलेले तेल सिद्ध संप्रदायात सोरायसिससाठी वापरतात, आणि चन्नपटणची लाकडी खेळणी त्याच्याच लाकडाची. फक्त त्याची साल पांढऱ्याच्या नावाने पोत्यात येऊ नये.

फार्मसीधारक बंधूंसाठी मित्राने पुढे काय केले ते सांगणे आवश्यक आहे. त्याने गोदामातील तिन्ही पोती उघडली आणि प्रत्येकातून वरची, मधली व तळाची साल काढून चाखली. एक पोते कडू निघाले, दोन फिकी. कडू पोत्याची साल जाड, खडबडीत व पिवळट-भुरी होती; फिक्यांतील बरीचशी गुळगुळीत, तांबूस. नंतर नमुने प्रयोगशाळेत पाठविले. कुटजातील कोनेसीन आदी अल्कलॉइडांमुळे ड्रॅगेनडॉर्फची चाचणी उठावदार येते. तेथेही निष्कर्ष जिभेशी जुळला. दोन पोती आणि त्यांपासून केलेली भरड त्याने बाद केली. छोट्या फार्मसीला हे नुकसान सोसणे सोपे नसते. शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाची नोंदवही त्याच्याकडे होतीच, पण तिच्यात ‘ओळख’ या रकान्यात वर्षानुवर्षे ‘योग्य’ एवढाच शब्द लिहिला जात होता. आता तेथे रस, रंग व सालीची जाडी लिहिली जाते, आणि अस्सल सालीची एक बरणी तुलनेसाठी टेबलावर असते. ती साल आजींच्या बांधावरची, रोख पैसे देऊन घेतलेली. खोडाभोवती पूर्ण कडे न काढता एका बाजूने पट्टी सोलावी, नाही तर झाड मरते, ही अट आजींचीच. शरदात साल घ्यावी असे चरक सांगतात. आम्हाला डिसेंबर उजाडला, पुढच्या खेपेला आश्विन चुकवणार नाही.

जानेवारीत आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. दरम्यान ते दुसरीकडे औषध घेत होते व थोडे बरे होते. झाला प्रकार आम्ही त्यांना प्रामाणिकपणे सांगितला आणि बोलल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, मग स्वयंपाकघराकडे वळून पत्नीला हाक मारली, “अहो, ऐकलंत का? वैद्य म्हणताहेत, मी पथ्य मोडलं नव्हतं.”

रुग्णपत्रिकेवरील तो शेरा आम्ही त्याच संध्याकाळी खोडला आणि शेजारी लिहिले : ‘द्रव्य अशुद्ध’.