तिच्यासाठी थांबणारं कुणीतरी

मैत्रिणींनो, ‘ख्रिस्ती कादंबरी’ म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे काय येतं? पानोपानी वचनं, शब्दाशब्दाला उपदेश आणि शेवटी सगळ्यांना एकदम झालेला पश्चात्ताप! “आपल्याला काय करायचंय ते वाचून?” असं म्हणून आपण ते पुस्तक होतं तिथे परत ठेवतो. पण इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचं एक मोठं दालनच आहे आणि त्या आवडीनं वाचणाऱ्या मुख्यतः बायका आहेत. घर सांभाळणाऱ्या, मुलांचे डबे भरणाऱ्या, दुपारी तासभर पाठ टेकणाऱ्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच. मग त्यांना या पुस्तकांत असं काय सापडत असेल?

नुसता धर्म, असं उत्तर मला तरी पुरेसं वाटत नाही. धर्मासाठी देवळं आहेत, चर्चं आहेत, पोथ्या आहेत. प्रेमकथा म्हणावं, तर त्यांचाही बाजारात तोटा नाही. या कादंबऱ्यांत प्रेम असतं, हाल असतात आणि हळूहळू भरून येणारी जखमही असते. पण त्यांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असते. ती मी शेवटी सांगण्यापेक्षा तुम्हीच ओळखा. दोन-तीन कथा सांगते, म्हणजे झालं.

धिरडी करणारी नायिका

जेनेट ओक या कॅनडातल्या लेखिका. १९७९ साली त्यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी आली. त्यांचा जन्म १९३५ चा. म्हणजे पहिली कादंबरी छापून आली तेव्हा बाईंनी चाळिशी ओलांडली होती आणि घरात चार मुलं होती. “आता या वयात काय होणार!” असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं, बरं का!

कथा तशी साधी आहे. अमेरिकेत पश्चिमेकडे नव्या जमिनीवर वस्ती करायला निघालेलं एक तरुण जोडपं. वाटेत नवरा अपघातात जातो. मार्टी एकटी पडते, परक्या मुलखात, आणि तीही पोटुशी! ज्या दिवशी नवऱ्याला मूठमाती दिली, त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक शेतकरी तिच्यापुढे येऊन उभा राहतो. त्याची बायको वारलेली आहे आणि घरात मिसी नावाची चिमुरडी मुलगी आहे. तो म्हणतो, माझ्या मुलीला आई हवी आहे आणि तुम्हाला डोक्यावर छप्पर. आपण लग्न करू. वसंत ऋतूत पूर्वेकडे परतणाऱ्या गाड्या निघतील. तोवर तुमचं मन इथे रमलं नाही, तर तुमच्या भाड्याचे पैसे मी देईन; मात्र मुलीला बरोबर न्या.

मार्टीला संताप येतो, पण दुसरा मार्गच नसतो. लग्न होतं. नवरा तिला घरातली खोली देतो आणि स्वतः बाजूच्या पडवीत झोपतो. आणि गंमत म्हणजे या नायिकेला स्वयंपाक येत नाही! तिला येतात ते फक्त पॅनकेक, आपल्या धिरड्यांसारखे. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्रीही तेच. क्लार्क ते मुकाट्यानं खातो. मग शेजारची अनुभवी ग्रॅहमबाई येते. तीही एकदा विधवा झालेली, पुन्हा संसार मांडलेली. ती मार्टीला पाककृती सांगते आणि त्याहून मोठं म्हणजे, दुःख ओसरायला वेळ लागतो, हेही सांगते.

पुढे मार्टीला मुलगा होतो. हिवाळा सरतो. गाड्या निघायची वेळ येते, आणि तोवर तिचं मन त्या घरात कधी रुजलं, हे तिचं तिलाही कळलेलं नसतं. या कादंबरीत कुणी कुणासाठी जीव द्यायची भाषा करत नाही. लाकडं फोडली जातात, गाई पिळल्या जातात, बाळाचे कपडे शिवले जातात आणि त्यातच प्रेम येतं. ‘आधी लग्न, मग ओळख’ हा हिशेब आपल्याला नवीन आहे का? आपल्या आया-आज्यांचे संसार असेच उभे राहिले. फरक एवढाच की, त्यांना वसंत ऋतूपर्यंतची मुदत कुणी दिली नव्हती.

डोंगरातली शाळा

दुसरी कादंबरी माझ्या विशेष जवळची, कारण तिची नायिका शिक्षिका आहे. कॅथरीन मार्शल यांची ‘क्रिस्टी’. ती १९६७ साली निघाली. लेखिकेच्या आईनं तरुणपणी डोंगराळ भागातल्या मिशन शाळेत शिकवलं होतं; त्या अनुभवांवर ही कथा उभी आहे. लेखिकेनंही थोडं सोसलं नव्हतं. क्षयानं त्यांनी दीर्घकाळ अंथरूण धरलं होतं आणि १९४९ साली, लहान मुलगा पदरात असताना त्यांना वैधव्य आलं. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातलं दुखणं पुस्तकी वाटत नाही.

साल १९१२. शहरातल्या सुखवस्तू घरातली एकोणीस वर्षांची क्रिस्टी टेनेसीच्या डोंगरात शिकवायला जाते. एका खोलीत साठाच्या वर मुलं. काहींच्या पायांत थंडीतही जोडे नाहीत. घाण, दारू, पिढ्यान् पिढ्यांची वैरं! तिथे फेअरलाइट नावाची एक डोंगरातली बाई तिची मैत्रीण होते. लेकुरवाळी असलेली ही बाई क्रिस्टीकडून वाचायला शिकते. ती अक्षरं ओळखू लागते तो भाग वाचताना आपलेच डोळे भरून येतात. मोठ्या वयात पाटी हातात घेतलेली एखादी बाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आणि मग विषमज्वराची साथ येते. त्यात फेअरलाइट जाते. क्रिस्टी मनातून पार कोसळते. चांगल्या माणसाला देव असा का नेतो, हा तिचा प्रश्न. या पुस्तकाचा मला वाटलेला मोठेपणा असा की, तिच्या प्रश्नावर कुणी घाईघाईनं झाकण घालत नाही. मिस अॅलिस नावाच्या एक वडीलधाऱ्या बाई त्या मिशनमध्ये आहेत. त्यांनी स्वतः तरुणपणी फार मोठा घाव सोसलेला आहे. त्या क्रिस्टीचं सगळं ऐकून घेतात. “असं बोलू नये, पाप लागतं,” असं म्हणत नाहीत.

देवावर रागावणं हे काही आपल्याला परकं नाही. आमचे नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाईनं तर त्याला खडे बोल सुनावले. ख्रिस्ती परंपरेतही ईयोबाची कथा आहेच. लेकरं गेली, धन गेलं, अंगभर फोड उठले, तेव्हा त्यानंही देवाला जाब विचारला. माणूस रागावतो म्हणजे नातं तुटलेलं नसतं, हे या पुस्तकांना ठाऊक असतं. म्हणून दुःखातल्या बाईला ती जवळची वाटतात.

परत येण्याचा रस्ता

तिसरी कथा जरा अवघड आहे. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि २०२२ साली तिच्यावर चित्रपटही आला. बायबलमध्ये होशेय नावाचा संदेष्टा आहे. त्याची बायको गोमर त्याला सोडून जाते आणि तो तिला पुन्हा आपल्या घरी आणतो. हीच कथा लेखिकेनं १८५० च्या सुमाराच्या, सोन्याच्या शोधात वेड्या झालेल्या कॅलिफोर्नियात नेली. लहानपणीच विकली गेलेली एंजल आणि तिच्याशी लग्न करणारा शेतकरी मायकेल. ती पुनःपुन्हा पळून जाते, कारण कुणी आपल्यावर निरपेक्ष प्रेम करील यावर तिचा विश्वासच बसत नाही.

हे पुस्तक लाखो स्त्रियांनी डोक्यावर घेतलं आहे, पण त्यातलं सगळं मला पटलं, असं मी म्हणणार नाही. एंजल मारहाणीनं अर्धवट शुद्धीत असताना मायकेल तिचा लग्नाला होकार मिळवतो. याला होकार म्हणायचं का? हेतू कितीही चांगला असो, बाईला शुद्धीवर येऊ द्यावं, मग विचारावं. मात्र शेवटी, ती अखेरची निघून जाते तेव्हा तो तिला आणायला जात नाही. तीन वर्षं जातात. त्या काळात ती स्वतःच्या पायावर उभी राहते, आपल्यासारख्या मुलींना आसरा देते आणि मग आपल्या मनानं घरी परत येते. माझ्या मते कादंबरीतली खरी प्रेमकथा इथे सुरू होते.

आलं ना लक्षात? क्लार्क पडवीत झोपून थांबतो, मिस अॅलिस ऐकत थांबतात, मायकेल उशिरा का होईना, थांबायला शिकतो. आपल्याकडच्या कथांत बाईनं थांबायचं असतं. उर्मिला चौदा वर्षं थांबली; आपल्या किती आज्या-पणज्या नवऱ्याची मुंबईहून येणारी मनिऑर्डर बघत थांबल्या. या कादंबऱ्यांत मात्र बाईचं दुखणं बरं होईपर्यंत दुसरं कुणीतरी थांबतं. या पुस्तकांची गोडी मला वाटतं त्यात आहे. “चल, रडून झालं असेल तर कुकर लाव,” असं तिला कुणी म्हणत नाही.

आपली यमुना

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण मैत्रिणींनो, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती ‘यमुनापर्यटन’ ख्रिस्ती लेखकाचीच आहे. बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१ चा. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांची ही कादंबरी निघाली. विधवाविवाहाचा कायदा होऊन त्या वेळी जेमतेम वर्ष झालं होतं.

यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणाचा घरच्यांनीच छळ मांडलेला. विनायक बायकोबरोबर हे सगळं बघतो, तिच्याशी त्यावर बोलतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नवरा, आणि तो बायकोशी चर्चा करतो! पुढे विनायकच जातो आणि जे दुसऱ्यांचं पाहिलं ते यमुनेच्या वाट्याला येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो. धर्मप्रसाराचा हेतू कादंबरीत उघड आहे, तो लेखकानं लपवलेला नाही. तो बाजूला ठेवला, तरी त्या काळच्या बायकांचं दुःख कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि कागदावर उतरवलं, ही गोष्ट काही लहान नव्हे.

याच वाटेवर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे. ती कादंबरी नाही, खरं आयुष्य आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची, अपमानाची, रडण्याची. पण नवरा गेला म्हणून त्या लगोलग मागे गेल्या नाहीत. स्वतःचं मन स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या. थांबण्याचा हक्क बाईनं स्वतः घेतला तर कसा दिसतो, ते तिथे पाहावं.

एक सावधगिरी

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. क्षमा, सहनशीलता, माया हे शब्द या पुस्तकांत वरचेवर येतात. पण ‘सोसत राहा, एक दिवस तो सुधारेल’ असा अर्थ त्यांतून काढून घरातल्या मारहाणीवर कुणी पांघरूण घालू नये. वर सांगितलेल्या कथा नीट पाहा. मार खाणाऱ्या बाईला तिथे कुणी परत मार खायला पाठवत नाही. तिला आधी छप्पर मिळतं, औषधपाणी मिळतं. क्षमा तिच्या मनात येईल तेव्हा येईल, नाही आली तरी ती वाईट ठरत नाही. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. शेजारची कुणी रडत दारात आली, तर तिला कादंबरी देण्याआधी हा नंबर द्यावा आणि बसायला पाट द्यावा.

वाचायची इच्छा झाली असेल तर ‘लव्ह कम्स सॉफ्टली’पासून सुरुवात करा. लहानशी आहे आणि कथा सरळ. ती कॉलेजातल्या मुलीच्या हाती पडली तरी संकोच वाटणार नाही. ‘क्रिस्टी’ जाडजूड आहे, ती दिवाळीच्या सुट्टीत घ्यावी. ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये दुःखद, भडक प्रसंग आहेत; मन जरा खंबीर असेल तेव्हाच हात लावा. ‘यमुनापर्यटन’ची भाषा जुनी आहे. दुपारी दोघीतिघींनी मिळून मोठ्यानं वाचलीत, तर तिची लय सापडेल. प्रार्थनेची पानं आली आणि ती आपली वाटली नाहीत, तर खुशाल उलटा. आवडली तर थांबून वाचा. दुसऱ्याच्या देवघरात डोकावलं म्हणून आपल्या देवघरातली समई विझत नाही.

आणि पुस्तक मिटल्यावर एवढंच करून बघा. माहेरवाशीण लेक असो, विधवा जाऊ असो, की बाळंतपणानंतर गप्पगप्प झालेली सून असो, तिला “आता विसर ते” असं सांगायच्या आधी, तिचं बोलणं संपेपर्यंत थांबा. चहा गार झाला तर पुन्हा गरम करता येतो.