लहानपणीची भांडणं, मोठेपणीचं नैराश्य

रात्री शेजारच्या खोलीत आईबाबांचा आवाज चढला की पांघरुणात डोकं खुपसून पडलेलं मूल झोपत नाही, पुढे काय होतंय याचा कानोसा घेत राहतं. हे रोजचंच झालं की ताणाला तोंड देणारी शरीराची यंत्रणा सदा जागी राहू शकते. अशी मुलं मोठेपणी नैराश्यात सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

शक्यता म्हणजे खात्री नव्हे; लहानपणीच्या दुसऱ्या आघातांवरच्या अभ्यासांतही हेच दिसतं. संशोधक जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या ४५८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यावरचं पुस्तक १९७८ साली आलं. अकराव्या वर्षाआधी आई गमावलेल्या बायका पुढे संकट कोसळलं की लवकर खचत होत्या. मन मोकळं करता येईल असा नवरा किंवा प्रियकर असलेल्या मात्र बऱ्याच तगून राहिल्या. नुसतं लग्न झालेलं असणं पुरेसं नव्हतं! ‘लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.

डेव्हिड क्विंटन आणि मायकेल रटर या संशोधकांनी बालगृहांत वाढलेल्या मुलींचा मोठेपणी मागोवा घेतला. समजूतदार नवरा मिळालेल्यांचं आयुष्य बरंच सावरलं होतं. गोम अशी, की घरच्या जाचातून सुटायला घाईने केलेल्या लग्नात जोडीदारही अनेकदा अडचणीतलाच असे.

कटकटीचा संसार नैराश्याची शक्यता वाढवतो. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या ‘टेली-मानस’ मदत क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं.