दुबईत घर घेण्याआधी तीन प्रश्न

रत्नागिरी-रायगडमधल्या आपल्या बहुतेक गावांत घरटी एखादा तरी माणूस आखातात असतो किंवा कधीकाळी होता. पहिल्या पिढीने तिकडे एकेका खोलीत सहा-सहा जणांनी दाटीवाटीने दिवस काढले आणि पैसा पाठवून गावात चिरेबंदी घरे बांधली. आताच्या पिढीतले अनेक जण बायको-मुलांसह तिकडे राहतात. मुलांची शाळा तिथेच, बाजारहाट तिथेच. घरभाड्याचे धनादेश लिहिताना मनात येतेच, की एवढ्या पैशात आपलेच घर का होऊ नये?

विचार चुकीचा नाही. दुबईने २००२ साली परदेशी लोकांना मालकी हक्काने घर घेण्याची वाट खुली केली आणि २००६ च्या कायद्याने त्या मालकीला नोंदणीचा पक्का आधार दिला. मात्र ही परवानगी शहरभर नाही, ठरवून दिलेल्या भागांतच आहे. दुबई मरीना, इंटरनॅशनल सिटी, जुमेरा व्हिलेज सर्कल हे त्यांपैकी काही. शारजा, अजमान, अबुधाबी यांचे नियम वेगळे आहेत. म्हणून दलालाच्या शब्दावर न जाता मालकी कायमची आहे की ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याची, हे भूमी विभागाच्या नोंदीत पाहून घ्यावे.

घराची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. समजा, तयार फ्लॅट १० लाख दिरहमचा आहे. परदेशी माणसाला पहिल्या घरासाठी बँक जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देते, म्हणजे २ लाख स्वतःचे हवेत. नोंदणीचे ४ टक्के म्हणजे ४० हजार. दलाली साधारण २ टक्के आणि तिच्यावर कर, म्हणजे २१ हजार. किल्ली हातात येण्याआधीच २ लाख ६१ हजार दिरहम खिशातून गेले. किरकोळ शुल्क याशिवाय. पुढे इमारतीच्या देखभालीचा वार्षिक आकार क्षेत्रफळावर लागतो. घर बंद असले तरी तो चुकत नाही.

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांसाठी तिथल्या इस्लामी बँकांकडे ‘इजारा’चा मार्ग आहे. बँक घर विकत घेऊन आपल्याला भाड्याने देते आणि मुदत पूर्ण झाल्यावर मालकी आपल्या नावे होते. पण नाव इजारा आहे म्हणून करार न वाचता सही करू नये. हे भाडे पुष्कळदा बाजारातल्या दराशी बांधलेले असते, त्यामुळे ते वाढू शकते. किती वाढेल, मुदतीआधी रक्कम फेडली तर काय द्यावे लागेल, हे लेखी विचारावे.

एवढा हिशेब जुळला, तरी सही करण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत.

नोकरी सुटली तर?

घराची मालकी आणि देशात राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी गेली की नोकरीवरचा व्हिसाही जातो. घर आपलेच राहते, पण त्यात कायम राहता येईलच असे नाही. २० लाख दिरहम किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी निवृत्तीचा व्हिसाही आहे, त्याच्या अटी वेगळ्या. पण ६-७ लाखांच्या छोट्या फ्लॅटवर गोल्डन व्हिसाची आशा ठेवू नये. नोकरी नसताना सहा महिने हप्ता भरता येईल एवढी शिल्लक बाजूला असेल, तरच पुढे जावे.

कायमचे परत यायचे ठरले तर घर विकलेच पाहिजे, असे नाही. परदेशात राहत असताना तिथल्या कमाईतून घेतलेली मालमत्ता परतल्यानंतरही ठेवता येते. ‘फेमा’ कायद्यात तशी तरतूद आहे. मात्र भारतात कायम निवासी म्हणून कर भरू लागल्यावर ती मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते आणि तिचे भाडे इथे करपात्र ठरते. ती दडवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

इमारत पुरी झाली नाही तर?

कागदावरचा फ्लॅट स्वस्त पडतो, हप्तेही सोयीचे असतात. पण २००८ च्या मंदीत दुबईतल्या किमती निम्म्याहून खाली आल्या, कित्येक इमारती अर्धवट राहिल्या आणि लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकली. आता प्रकल्पाचा पैसा स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवण्याचे बंधन बिल्डरवर आहे. म्हणून पैसे फक्त त्याच खात्यात भरावेत, दलालाच्या हातात रोख देऊ नयेत. प्रकल्पाची नोंदणी आणि आपल्या खरेदीची ‘ऊकूद’ ही तात्पुरती नोंद झाली आहे का, हे तपासावे. असे घर पुरे होईपर्यंत भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील, हेही हिशेबात धरावे.

आपल्यानंतर काय?

हा प्रश्न घरात कोणी काढत नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास याच मौनाचा होतो. समजा, १० लाखांचे घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्याचा इंतकाल झाला. मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी. कर्ज फिटलेले असेल, तर शरियतच्या वाटणीप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे १ लाख २५ हजार. आईला सहावा हिस्सा, सुमारे १ लाख ६७ हजार. उरलेल्यातून मुलाला सुमारे ४ लाख ७२ हजार आणि मुलीला २ लाख ३६ हजार. ज्या घरात ती बाई राहते, त्याच्या आठव्या भागाचीच ती मालक. मुले अज्ञान असतील तर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांचा हिस्सा विकता येत नाही. वारसांचे हक्क अल्लाहने ठरवून दिले आहेत, त्यांत खोट नाही. पण पत्नीने आपल्या पगारातून किंवा दागिने मोडून पैसे घातले असतील, तर तेवढा भाग तिचा स्वतःचा आहे, वारशाचा नव्हे. तो पहिल्या दिवसापासून नोंदणीत तिच्या नावे दिसला पाहिजे. दोघांची नावे हिश्शांसह लावता येतात. हयातीत पत्नीला किंवा मुलांना हिबा करायचा असेल, तर दुबईत जवळच्या नात्यासाठी त्याचे नोंदणी शुल्क ४ टक्क्यांऐवजी ०.१२५ टक्के आहे. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी लागते.

वारसाचा दाखला काढताना निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि मृत्यूचा दाखला प्रमाणित करून अरबी भाषांतरासह लागतात. निकाहनाम्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे, असा घोळ आपल्याकडे सर्रास असतो. तो आजच दुरुस्त करून घ्यावा. मालकीपत्र, बँकेचा करार, विम्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल कुठे आहे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे.